थैली खाली करा

देवासच्या तात्यांना दोन गोष्टींची मनस्वी चीड होती: बाजारातले मिस्त्री आणि घरातली हिंदी. मिस्त्री सगळे लुच्चे, आणि हिंदी बोलणारा मराठी माणूस त्यांच्याहून वाईट. मुलगा मयुरेश बापाशी हिंदीत बोलू लागला, तेव्हा त्यांनी त्याचं नाव टाकलं. आता त्यांच्याशी मराठीत बोलणारी घरात एकटी सून उरली होती, सोनकच्छची प्रियांका. हिंदी शाळेत शिकलेली, तरी अडखळत, चुकत बोलायची. तात्या कौतुक सोडाच, नाक मुरडायचे.

रविवारी धूळ ओढायचं व्हॅक्युम क्लीनर बसलं. नुसता आवाज, ओढणं शून्य. "डबडं मेलं!" म्हणत तात्यांनी ते ओसरीवर आडवं पाडलं आणि पेचकस घेतला.

प्रियांका दाराशी आली. "तात्या, पहिले थैली खाली करा ना."

"खालीच आहे ती. डोळे आहेत ना तुला?"

"अशी नाही, पूरी खाली करा."

तात्यांनी धुळीची ती गच्च फुगलेली पिशवी आणखी खाली दाबली. पिशवी हवेनं फुगते, हे त्यांचं शास्त्र. "झालं समाधान? आता जा. यंत्रातलं तुला काय कळतंय!"

मग त्यांनी नळी खरवडली, जाळी धुतली, मोटारीचं झाकण उघडलं. दोन तासांनी सगळं परत जोडलं तेव्हा तीन स्क्रू उरले होते आणि मशीन तसंच रेकत होतं.

प्रियांकानं पिशवी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात झटकली. शेरभर धूळ पडली. बटण दाबताच मशीननं तात्यांच्या पायजम्याची नाडीच ओढून घेतली.

"हेच तर म्हणत होते मी. खाली करा!" ती खुदकन हसली.

चौतीस वर्षं कचेरीत हिंदीत फायली लिहिलेल्या माणसाला हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं, हे काय ठाऊक नव्हतं? पण सून मराठीत बोलत होती! तात्यांनीही हसायचं होतं. ते नाडी सोडवत ओरडले, "रिकामी म्हणतात त्याला, रिकामी! असलं भेसळीचं मराठी बोलण्यापेक्षा तोंड बंद ठेवावं माणसानं!"

प्रियांकाचं हसू मावळलं. तिनं हात पुसले.

"ठीक है, पापाजी," ती म्हणाली. "चाय बना दूँ?"

मशीन अजून झकास चालतं. तात्या मराठीत विचारतात, उत्तर हिंदीत येतं.