गरजू दिसणारी मुलगी

"चप्पल काढ," बाई म्हणाल्या. माईक त्यांच्या हातात होता. सगळ्यांनी ऐकलं.

मी काढली.

"आता पाय वर कर जरा. मागच्यांना दिसू दे."

तेही केलं. टेबलाची कड धरून उजवा पाय उचलला. टाचेच्या भेगा. मिठाने खाल्लेली कातडी. उमेळ्याच्या त्या वाडीत, केळींच्या सावलीत, शंभरेक माणसं जेवायला बसली होती. कुणीतरी "अरेरे" म्हणालं. मग टाळ्या पडल्या. पायाला.

मी एकोणीस वर्षांची होते. नालासोपाऱ्याच्या खाडीकडच्या मिठागरावर आई पाट्या वाहायची. सुट्टीत मीही. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिली. वस्तीला प्यायचं पाणी नव्हतं. वीस बायका घेऊन मी तहसील कचेरीवर गेले. दोनदा हाकलून दिलं. तिसऱ्या खेपेला नळ मिळाला.

त्यावर मी कॉलेजात बोलले. आमच्या सरांनी माझं नाव तरुणांच्या नेतृत्वाच्या एका कार्यक्रमाला पाठवलं. इकडची मुलं तीन महिने कॅनडात, तिकडची इकडे. मुलाखत झाली, निवड झाली. तिथली सोय ते लोक करणार होते. विमानाचं भाडं इथल्या क्लबाने उभं करायचं होतं. क्लब म्हणजे वाड्यांचे मालक, सातिवलीचे कारखानदार. अध्यक्ष दोन्ही होते. माईकवाल्या बाई त्यांची बायको. ते जेवण देणग्यांसाठीच होतं.

मला वाटलं, भाषण करायला लावतील. पाठ करून गेले होते. आदल्या दिवशी निरोप आला होता, आईचं कामावरचं लुगडं नेसून ये. तेव्हाच कळायला हवं होतं.

भाषण झालंच नाही. पाय खाली ठेवल्यावर मला स्वयंपाकाच्या मांडवामागे नेऊन ताट दिलं. एकटीच जेवले. पलीकडे हसणं-बोलणं चाललेलं. माझं नाव तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. बाईंनी सांगितलंच नव्हतं. 'मिठागरावरची मुलगी', एवढंच.

भाडं जमलं. घरी मी काही बोलले नाही. आई साऱ्या वस्तीला सांगत सुटली होती.

आठवड्याने अध्यक्ष फोटोवाल्याला घेऊन मिठागरावर आले. देणगीदारांना अहवाल पाठवायचा होता. आई भरली पाटी घेऊन बांधावरून येत होती. अध्यक्षांनी तिला तसंच थांबवलं.

"मावशी, पाटी राहू दे डोक्यावर. एक पाय उचला. टाच दिसली पाहिजे."

आई हसली. उभ्या आयुष्यात तिचा एकही फोटो निघाला नव्हता. ओझं सावरत ती पाय उचलू लागली. मान थरथरत होती.

माझा पाय उचलला तेव्हा मला लाज वाटली होती. तिचा उचलताना पाहिला आणि राग आला. इतके दिवस तो कुठे होता, मला माहीत नाही.

"आई, पाय खाली ठेव," मी म्हणाले. तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली.

"अगं, तुझ्याच भल्यासाठी चाललंय," अध्यक्ष म्हणाले.

"फोटो नाही काढायचा."

"मग कॅनडाही नाही."

"नको."

त्यांनी फोटोवाल्याला खूण केली. दोघं गाडीकडे गेले.

आई माझ्यावर भडकली. "पाय तं पाय. दाखवला असता तं झिजला असता का? सारी वस्ती तुला विमानावर पोचवाया येनार होती." मग महिनाभर बोलली नाही. ताट पुढे सरकवायची आणि तोंड फिरवून बसायची. कचेरीवर माझ्यासोबत चाललेल्या बाया नळावर मला बघून गप्प व्हायच्या. एक म्हणाली, "लय शानी झाली."

सरांनी बोलावलं. "दोन मिनिटांचा फोटो. जग बघितलं असतंस."

"सर, माझी निवड कशावर झाली?"

"तुझ्या कामावर. भाषणावर."

"मग त्यांना पाय कशाला हवेत?"

"तू जा आता," सर म्हणाले. पुन्हा त्यांनी माझं नाव कुठेच पाठवलं नाही.

माझ्या जागी अध्यक्षांची पुतणी गेली. भाडं तेच. त्या वर्षी वर्गात माझ्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. वरून विमान जायचं तेव्हा मी मान वर करत नसे. जायचं होतं मला. खूप जायचं होतं. हे कुणाला सांगायचं, तर ऐकायलाच कुणी नव्हतं.

पुढे मी वस्तीतच बालवाडी चालवू लागले. चार वर्षांनी क्लबाचा माणूस दारात आला.

"ताई, यंदा परत एक जागा आहे. तुमच्यातली एखादी मुलगी सुचवा. जरा गरजू दिसणारी."

माझ्या डोळ्यांसमोर एक मुलगी होती. हुशार. बोलायला खमकी.

"नाव देते," मी म्हणाले. "ती माईकवर स्वतः बोलेल, स्वतःच्या नावाने. तिच्या घरी कुणी फोटो काढायला येणार नाही. एवढं कागदावर लिहून द्या."

"अहो, देणगीदारांना असं कसं सांगायचं?"

"मग नाव नाही."

तो गेला. ती मुलगी जायची राहिली. तिची आई मला आजही दिसेल तिथे शिव्या घालते. मी ऐकून घेते. तिचं काही चुकत नाही.

त्यानंतर दोनदा वेगवेगळी माणसं आली. दोघांनाही तेच सांगितलं. अजून कुणी लिहून दिलेलं नाही. अट मी बदललेली नाही. बदलणार नाही.