युवक मंडळाची वयोमर्यादा

कायद्याला इतक्या प्रेमाने वाकवणारा माणूस मी उभ्या ठाणे शहरात दुसरा पाहिला नाही. माजिवड्याच्या आमच्या युवक सेवा मंडळाचे हे संस्थापक-अध्यक्ष, इथल्याच जुन्या शेतकरी घरातले. मंडळाची घटना मी लिहिली. सभासद तिशीच्या आतला असावा, असे तीत स्वच्छ कलम होते. अध्यक्ष तिशीला टेकले, तेव्हा त्यांनी सभेत दुरुस्ती मांडली: मर्यादा चाळीस. पुढे पन्नास, साठ, आणि अगदी अलीकडे पंचाहत्तर. दर वेळी मी कलमनिहाय लेखी हरकत घेई. ते ती खड्या आवाजात वाचून दाखवत, टाळ्या पडत आणि ठराव मंजूर होई. "वकीलसाहेब," ते म्हणत (मी वकील नव्हे, केवळ पत्रे लिहितो), "कायदा तुमी सांभाला, पोरं मी सांभालतो." ही 'पोरं' म्हणजे आम्हीच, गुडघे धरून उठणारे.

समोर येईल त्याला कामाला लावणे, ही त्यांची दुसरी खोड. विसर्जनानंतर तलावाकाठी कुजणाऱ्या निर्माल्याबद्दल मी महापालिकेला संतप्त पत्र धाडले. पाहणीसाठी अधिकारी आला. त्याने तोंड उघडण्यापूर्वीच अध्यक्षांनी त्याच्या हाती टोपली दिली, "साहेब, जरा हे धरा." दुपारपर्यंत तो गृहस्थ विजार दुमडून निर्माल्य वेचत होता आणि मी, तक्रारदार, त्याला चहा पाजत होतो. रक्तदान शिबिरात तर डॉक्टर वयामुळे दरवर्षी उठवीत, तरी पहिल्या खाटेवर हेच आडवे. "सुरुवात अध्यक्षानं नको करायला?"

पुढे मात्र खाटा रिकाम्या राहू लागल्या. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला लोटणाऱ्या गर्दीसाठी पाण्याची पिंपे उचलायला कोणी उरले नाही. मंडळ विसर्जित करण्याचा मसुदा करा, असे कार्यकारिणीने मला सांगितले. आयुष्यभर कार्यालयांशी भांडून जो शीण आला नव्हता, तो त्या एका मसुद्याने आणला.

तो ज्या सभेत मांडायचा होता, तिथे नव्या इमारतींतली काही मुलेमुली आली. त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "काका, सॉरी हां, पण बोर्डवर युवक लिहिलंय आणि आत सगळे आजोबा! आम्ही सांभाळतो ना मंडळ, बंद नका करू. पण मूळचा रूल लावा. थर्टी म्हणजे थर्टी."

अध्यक्ष उठले आणि स्वतःच दुरुस्ती मांडली: मर्यादा पुन्हा तीस. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "वकीलसाहेब, घ्या ना हरकत." मी मनापासून शोधली. घटना माझीच, एकही कलम मदतीला येईना. ठराव मंजूर झाला आणि त्याच क्षणी आम्ही सारे नियमानुसार बाहेर झालो.

पुढच्या रविवारी ती मुले तलावाकाठ झाडत होती. आम्ही दोघे समोरच्या बाकावर.

"झाडू कसा धरलाय बग त्यानं," अध्यक्ष पुटपुटले. थोड्या वेळाने म्हणाले, "वकीलसाहेब, तिथं जाऊन नुसता उभा ऱ्हायलो, तं चालंल का?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच कायदा विचारला होता. घटनेत मनाई नाही, असे मी सांगितले. तरी ते उठले नाहीत. मीही नाही.