लशीसाठी लावलेला कौल

विज्ञान हीसुद्धा एक श्रद्धाच, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी; रत्नागिरीच्या शाळेत सायन्स शिकवतो आणि ते ताठ मानेनं सांगतो. पण त्या दुपारी माझ्या चार वर्षांच्या मुलीला घटसर्पानं धरलं होतं. घशात पांढरट पडदा, प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज. तिची आई वर्षापूर्वीच वारलेली. डॉक्टर मुंबईहून आगबोटीनं आलेली प्रतिविषाची लस घेऊन पडवीत उभे होते. म्हणत होते, आत्ताच टोचली पाहिजे. आणि मी मूर्खासारखं माझ्या आईला ज्ञान पाजळलं, की ही लस घोड्याच्या रक्तापासून करतात.

आईनं नातीला पोटाशी आवळलं. "घोड्याचं रगत? माझ्या पोरीच्या अंगात?"

"अगं, त्यात रोगावरचा उतारा असतो."

"तू बगलंस काय करताना?"

"पुस्तकात आहे."

"मग तुझी पोथी खरी नि माझी देवी खोटी? आधी कौल लाव. देवी हो म्हणाली तर टोच."

पोर गुदमरतेय आणि ही कौल मागतेय! ओढाताण केली तर पोरीची धाप वाढेल, म्हणून चरफडत शेजारच्या देवळात धावलो. म्हाताऱ्या गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी ओरडलोच, "टोचू की नको टोचू, सांग एकदाची!" एकही कळी हलेना.

गुरव माझ्यावर उखडला. "काय वो मास्तर, असं इचारतात काय? दोन गोष्टी येकदम इचारल्यात, आईनं उत्तर द्यावं कशाचं? येका येळी येकच!"

प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी पोरांना छडी उगारून शिकवत आलो होतो. लाज वाटली, रागही आला. डोळे मिटून म्हटलं, "आई, टोचू दे." खरं सांगतो, डावी पडली असती तर घरी जाऊन मी खोटं बोललो असतो. डोळे उघडले तेव्हा उजवी खाली पडली होती.

डॉक्टरांनी लस टोचली, सुई पुसली आणि म्हणाले, "आता माझ्या हातात काही नाही." मी त्यांच्यावरही चिडलो.

लस आणि कौल एक नव्हेत, हे मी आजही भांडून सांगेन. लस पारखून घेता येते; कळी का पडली ते मला ठाऊक नाही, आणि वाद घालायची इच्छाही नाही. पण लस टोचल्यावरचे दोन दिवस आई आणि मी एकाच उशाशी, एकसारखेच हतबल बसलो होतो. माणसानं धावायचं तेवढं धावावं आणि मग सोडून द्यावं, एवढंच. हे शिकायला बी.एस्सी. पुरली नाही, याची चीड येते.

तिसऱ्या सकाळी पोरीनं खरखरत्या आवाजात पेज मागितली. पेज चुलीवर रटरटत असताना मी भिंतीला टेकून ढसाढसा रडलो. आईनं पेजेत मीठ घातलं आणि पहिली वाटी पोरीला भरवायला माझ्याच हातात दिली.