गजऱ्यातला फोटो

साहेबांनी टीव्हीकडे बोट केलं. टीव्हीवर माझा चेहरा. भोवती लाल चौकट. खाली मी कधी उठले, कधी परत आले, सगळं.

"ताई, एवढ्या वेळा टेबल सोडून कुठे जाता?"

सातपूरच्या आमच्या कंपनीत शिफ्ट सुरू होण्याआधी सगळ्यांना टीव्हीसमोर उभं करतात. कालचं काम, कालच्या चुका, आजचं टार्गेट. त्या सकाळची चूक मी होते. पुढे बायका, मागे पुरुष. त्यांच्यात माझा चुलत दीर.

मी गाड्यांच्या वायरी जुळवायचे. त्या आठवड्यात पाळी आली होती आणि अंगावरून फार जात होतं. उठावंच लागायचं. वरचा कॅमेरा टेबलावर कोण आहे, कोण नाही, हे आपलं आपणच मोजतो. का उठली, ते त्याला कळत नाही.

आमचं घर बौद्ध. आमच्यात पाळीत बाईला बाजूला बसवत नाहीत. तरी पुरुषांसमोर तो शब्द माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता. मी खाली बघत राहिले.

"बोला ना. फोनवर असता का?"

मागे कुणीतरी हसलं.

मी वर पाहिलं. फोटोत माझ्या केसांत गजरा होता. गेटवरच्या मशीनमध्ये चेहरे घेतले त्या दिवशी आम्ही सगळ्या नटून गेलो होतो. ओळखपत्राचा फोटो असेल असं वाटलं. डावीकडे वळा, उजवीकडे वळा. आम्ही हसत हसत वळलो. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. आता तोच हसरा फोटो माझी अब्रू काढत होता. माझं डोकं फिरलं.

"पाळी आली होती," मी मोठ्याने म्हणाले. "तेही लिहा त्यात."

साहेब माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मी नाही म्हणत, मॅडम. सिस्टीम म्हणते."

"मग सिस्टीममधून माझा फोटो काढा."

"तसं होत नसतं."

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरची बाई हळूच म्हणाली, "बरं केलं. पण लय महागात पडंल."

पडलं. दुसऱ्या दिवशी गेटवरच्या मशीनने मला ओळखलं नाही. केस मागे सारून पुन्हा उभी राहिले. मागे रांग खोळंबली. वॉचमनने मला बाजूला केलं. ज्याच्यामार्फत कामाला लागले होते, त्या ठेकेदाराला फोन लावला.

"तुमचं नाव यादीतून निघालं," तो म्हणाला.

"आणि माझा चेहरा?"

"तो राहतो कंपनीकडे."

मी एखादा ॲप्रन तिथे विसरून आल्यासारखं तो बोलला. मी तिथेच रस्त्याकडेला बसले. कुणाकडे दाद मागायची, काही सुचत नव्हतं. मला कामावरून काढलं आणि माझा चेहरा ठेवून घेतला. तो कोण बघतं, कुणाला देतात, मला कधीच कळणार नाही.

काल अंबडला एका कंपनीत काम मागायला गेले. गेटवरचा माणूस म्हणाला, "इकडे बघा, फोटो घ्यायचाय."

"कशासाठी? कोण बघणार? काम सोडल्यावर पुसणार का?"

"एवढं विचारायचं असेल तर घरी जा."

घरी आले. एका पगारावर घर चालत नाही, काम मला हवंच आहे. उद्या दुसऱ्या गेटवर जाईन. तिथेही आधी हेच विचारीन. उत्तर मिळाल्याशिवाय कॅमेऱ्याकडे तोंड करणार नाही.