गोदावन्सांचं खोटं दुखणं

गोदावन्सं गेल्याचं भाच्यानं फोनवर सांगितलं, तवा म्या शेंगा फोडत बसले हुते. हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, मंग रडले. त्याला महिना झाला. म्या दुसरीपातूर शिकलेली बाई. म्या सांगते अन् नात लिहिती... चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

लगीन होऊन परंड्याला आले तवा निजामाचं राज जाऊन थोडीच वर्सं झाली हुती. गोदावन्सं माझी नणंद, माझ्याच वयाची. हायस्कुलात जायच्या. त्यांना डाक्टरीण व्हायचं हुतं. गुरुजींनी सांगितलं हुतं, मॅट्रिकला शास्त्र, गणित अन् इंग्रजी पक्कं पायजे, मंग औरंगाबादेला कॉलेज, तिथनं पुढं डाक्टरकी. पर अभ्यास कवा करायचा? शाळंतनं आलं की शेण, पाणी, दळण, भाकरी. पुस्तक हातात धरलं की आत्याबाईंची, म्हंजी माझ्या सासूची, हाक आलीच.

सुटकेची जागा एकच. कावळा शिवला की बाईनं गोठ्याशेजारच्या पडवीत बसायचं. कशाला शिवायचं न्हाय, काम न्हाय. वन्सं तिथं गणितं सोडवायच्या. तिथं नेलेलं पुस्तक घरात आणायचं न्हाय असा आत्याबाईंचा नेम, म्हणून पुस्तकं तिथंच देवळीत ऱ्हायली. मंग वन्सं परीक्षा जवळ आली की खोटंच भाईर बसायला लागल्या. त्यांच्या वाटणीचं दळण माझ्यावर यायचं. म्या म्हणायची, "पुढल्या जल्मी म्या शिकते, तुम्ही दळा." त्या हसायच्या, अन् बेडकाच्या पोटात काय काय असतं ते सांगायच्या. म्या लांबनं भाकरी वाढता वाढता ऐकायची.

आत्याबाई म्हणायच्या, "आमच्या पोरीवर कावळ्यांची लई मर्जी." पुढं पुढं मातर त्यांना काळजी लागली. पोरीच्या अंगात कायतरी दुखणं हाय म्हणून गाडी जुंपून बार्शीला डाक्टरीणबाईकडं नेलं. बाईनं आमाला भाईर बसवलं. आत वन्सांनी तिला सगळं खरं सांगितलं, मला ते मागनं कळलं. बाई भाईर येऊन आत्याबाईंना म्हणली, "मुलगी फार अशक्त आहे. जास्त दिवस बसू द्या तिला, कामाला लावू नका." येताना वन्सं गुडघ्यात तोंड घालून हसत हुत्या. आत्याबाईंना वाटलं, रडतीया.

त्या वर्सी अभ्यास झाला. मॅट्रिक पास झाल्या. कॉलेजाचं निघालं तवा मामंजी म्हणले, अशी दुखणेकरीण पोर परगावी कोण सांभाळंल? तवा वन्सांनी कबूल केलं... मला काय झालेलं न्हाय दादा, म्या अभ्यासापायी खोटं बोलत हुते. मामंजी रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लेकीच्या डोक्यावरनं हात फिरवला.

"जायसाठी आता खोटं बोलतीस, बाळ. एवढी शिकलेली डाक्टरीण खोटं सांगंल व्हय?"

म्या बोलाय गेले, तर सुनंनं मधी बोलू न्हाय म्हणून मला आत धाडलं. पुन्यांदा बार्शीला चला, बाईलाच इचारा, म्हणून वन्सं पाया पडल्या. पोरीचा जीव कशाला दमवायचा, मामंजी म्हणले, अन् गाडी काय जुंपली न्हाय.

दुखणेकरीण म्हणून गावभर नाव झालेलं. चांगली ठिकाणं आली न्हाईत, तेरखेड्याकडं बिजवराला दिली. माणूस वाईट नव्हता. पर त्या घरातनं कुठं जायला वाट नव्हती. माझ्या घरातनं बी नव्हती. असंच असतं म्हणायचं अन् भाकरी थापायची.

लगीन झाल्यावर वन्सं कवा आजारी पडल्या न्हाईत. म्हंजी... पडल्या असतील, सांगितलं न्हाय. अंगात ताप घेऊन खुरपायच्या. बाळंतपणात तोंडातनं आवाज न्हाय. आता डाक्टर म्हणतो, काळजाचं दुखणं जुनं हुतं. घरात कुणाला ठावं नव्हतं. औंदा सोनारीच्या जत्रंत भेटलो तवा देवळाकडं चालता चालता मधीच बसल्या. कपाळाला घाम. म्या इचारलं, काय हुतंय?

"काय न्हाय. वैनी, तुमचा गुडघा कसा हाय?"

अन् माझाच गुडघा चेपत बसल्या.