दोन सॉफ्टवेअर आणि देवीचा कौल

खाणी बंद पडल्या आणि डिचोलीतल्या आमच्या कारखान्याचं अर्धं काम आटलं. आम्ही खाणींतल्या पंपांच्या भागांचे लाकडी पॅटर्न करायचो, म्हणजे ज्यावरून ओतशाळेत वाळूचा साचा पाडतात तो नमुना. पॅटर्न करणारे मेस्त म्हणजे माझे बाबा, आणि संगणकावर ड्रॉइंग काढणारी मी. मालकांना सगळे पात्रांव म्हणायचे. एका सकाळी या पात्रांवांनी ट्रकमधून एक जुना रोबोट उतरवला. कुठल्याशा मोटारींच्या कारखान्याने काढून टाकलेला, माणसाहून उंच, नुसता एक नारिंगी हात. "याच्या मनगटाला कटर बांधायचा आणि पॅटर्न कोरून घ्यायचे," पात्रांव म्हणाले. "फक्त त्याला शिकवायचं सॉफ्टवेअर हवं. ते तू निवड." जसे काही मांद्र्याच्या बाजारातून बांगडेच निवडायचे होते!

बाबांनी रोबोटभोवती एक फेरी मारली. "हात बरो आसा. थिर आसा," म्हणाले आणि आपल्या बाकाकडे गेले.

वर्षभर बाबांचा उजवा हात थरथरत होता. ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. बारीक गोलाईचं काम आलं की "डोळे चुरचुरतत" म्हणून बाजूला ठेवायचे, आणि बाकीचे जेवायला गेले की मी ते गुपचूप पुरं करायचे. मला कळलंय हे त्यांना ठाऊक होतं, पण आम्ही दोघं तोंडात मूग गिळून बसलेलो. आईलासुद्धा पत्ता नव्हता. या माणसाला घरी बसवलं तर आठ दिवसांत सुकून जाईल, एवढी एकच भीती मला होती.

दोन कंपन्यांनी त्यांची सॉफ्टवेअर महिना-महिना वापरून बघायला दिली. पहिलं भलतंच शहाणं. ड्रॉइंग दिलं की हात कुठून फिरवायचा, कोपर कुठे दुमडायचं, टेबलाला कुठे थडकेल, सगळं स्वतःच ठरवायचं, आणि अडचण असली की पडद्यावर तेवढा भाग लाल करून दाखवायचं. सकाळी लाकूड बांधलं की जेवणापर्यंत पॅटर्न तयार. तो अख्खा महिना बाबा बाकावर बसून पटाशांना धार लावत राहिले. त्या पटाशांना धार कशाला हवी होती, देव जाणे.

दुसरं म्हणजे निव्वळ ठोंब्या. पावलोपावली विचारायचं, इथून जाऊ की तिथून? मग मी रिमोट घेऊन रोबोटचा हात एकेका जागी नेऊन उभा करायचे आणि ती जागा नोंदवायचे. पण बाबा माझ्या शेजारी उभे असायचे! "हयसून नको गो, लाकडाचे रेषे उलटे आसत, ढलपी उडतली," असं बोटाने दाखवायचे. बोट थरथरलं म्हणून काय बिघडतं? "ह्येका शिकवण्यापरास म्हस शिकवणा सोपा," म्हणून हसायचे. रात्री जेवताना आईला रोबोटच्या गजाली सांगायचे. कित्येक महिन्यांनी बाबा ताटावर बसून बोलत होते, आणि मला दुसरं काही दिसेनासं झालं.

शेवटच्या आठवड्यात ठोंब्याने कोरता कोरता मनगट एकाएकी उलटं फिरवलं. कटर लाकडात रुतून मोडला आणि तुकडा सणसणत मागच्या पत्र्यावर आदळला. आम्ही दोघं तेव्हा नेमके पाणी प्यायला गेलो होतो. पहिल्या सॉफ्टवेअरने हे आधीच लाल करून दाखवलं असतं. पात्रांवांना द्यायच्या अहवालात मी यातलं अक्षर लिहिलं नाही. लिहिलं काय, तर 'दुसरे सॉफ्टवेअर कारागिरांच्या अनुभवाला वाव देणारे आहे.' वा गे बाई!

पुण्याहून आलेला जाणकार पहिलं घ्या म्हणत होता, मी दुसरं. पात्रांव बिचारे वैतागले. "चला, देवीचा कौल घेऊया," म्हणाले. पेडण्याकडच्या त्यांच्या गावात लग्न, घर, विहीर, सगळं देवीला विचारूनच होतं. मग सॉफ्टवेअरनेच कोणाचं घोडं मारलंय?

सोमवारी सकाळी पात्रांव गाडीने आणि बाबा नि मी स्कूटरवरून देवळात पोचलो. गुरवांनी फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या मूर्तीला उजवी-डावीकडे चिकटवल्या. उजवी आधी पडली तर पहिलं, डावी पडली तर दुसरं. हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, "हे आई, ही तुझी लेकरां दोन सॉफ्टवेरां घेवन तुझ्या दारी इली हत..." पात्रांवांनी खणखणीत आवाजात "व्हय म्हाराजा!" केलं. मला हसू आवरेना.

मग गुरव माझ्याकडे वळले. "बाय, दोघांत फरक काय ता सांग. गाऱ्हाण्यात अर्धी गजाल चालत नाय."

हसू कुठल्या कुठे गेलं. "पहिलं लवकर काम करतं," मी म्हटलं.

"आणि दुसरा?"

"दुसरं..." कारागिरांच्या अनुभवाला वाव, हे शब्द देवीपुढे उच्चारायला जीभ उचलेना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गुरवानू, थांबा," बाबा म्हणाले. "पाकळ्यो काढा. ज्याचा उत्तर आपणाक ठावक आसा, ता देवीक विचारू नये. पयलाच बरा. माझ्या ह्या चेडवाक ठावक आसा, माकाय ठावक आसा."

"मग हिने दुसरं कशाला लिहिलं, मेस्त?" पात्रांवांनी विचारलं.

बाबांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. "ह्येच्यासाठी. वरीस झाला. माझा बारीक काम हीच करता. माका घरी बसूचा लागात म्हणान खोटा लिवल्यान. चूक माझी, मी आधीच बोलाक होया होता."

पात्रांव हळूच म्हणाले, "पहिलं घेतलं तर तुम्ही काय करणार, मेस्त?"

"काय करतलंय? दुपारी नीजतलंय. बायकोक तरास दितलंय." गुरव हसले, पात्रांवही हसले. मी मात्र खांबाआड जाऊन रडले. रागही आला होता. ज्याच्यासाठी मी एवढं खोटं रचलं, त्याने ते चार माणसांत उघडं पाडलं!

बाहेर स्कूटरपाशी मी बाबांवर उखडलेच. "कित्याक सांगितलंस? मी सांभाळलं असतं ना सगळं!"

"कटर मोडलो तेव्हा तुकडो पत्र्याक खय लागलो, ता मी मागसून बघितलंय," बाबा म्हणाले. "थय मी उभो रवतंय, ता सोड. माझ्या बाजूक तू रवतस गो."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना कामावर ठेवण्याच्या नादात मी मलाच विसरले होते, आणि ते विसरले नव्हते.

बाबांनी खिशातून चावी काढून माझ्यापुढे धरली. आजवर त्यांनी मला कधी स्कूटर चालवू दिली नव्हती. मी पुढे बसले, ते मागे. माझ्या खांद्यावर त्यांनी उजवा हात ठेवला. तो थरथरत होता, आणि त्यांनी तो काढून घेतला नाही.

"सावकाश चालव गो," बाबा म्हणाले. "आता माका खयचीच घाई नाय."