तेरावी गाडी

सोनगव्हाणात सत्यशीलेची शिवी खाल्ली नाही असा माणूस शोधायचा तर घरोघर हिंडून शेवटी तिच्याच घरी यावं लागेल. “मुडदा बशिवला तुजा!” ही तिची ठेवणीतली शिवी. ती सरपंचाला मिळाली, शेवगावच्या बाजारातल्या हमालांना मिळाली, खंडोबाच्या पुजाऱ्यालाही मिळाली. फक्त नवऱ्याला, भीमाला, कधी मिळाली नाही. त्याच्याशी बोलताना या बाईचा आवाज आपोआप खाली यायचा. “अवं, जेवून घ्या की,” एवढंच. गावाला याचं फार नवल वाटायचं.

शिवी ही तर नुसती सुरुवात असे. बाजाराला माल न्यायच्या तिच्या पिकअपमध्ये सीटखाली चाकं खोलायची लोखंडी टामी असायची आणि ती चाकांपेक्षा माणसांवरच जास्त चालली. बाजारात एका व्यापाऱ्याच्या माणसानं गोण्या उतरवताना तिचा पदर ओढला. तिनं टामीच्या एका फटक्यात त्याचे पुढचे दात पाडले आणि मग निवांत ताडपत्रीची घडी घातली. चौकीत साहेबांनी दरडावलं तर म्हणाली, “एकदाच मारलं, सायब. दुसऱ्यांदा मारलं असतं तर ह्यो फिर्याद द्यायला हितं आला नसता.” साहेबांना हसू आवरेना, आणि केस तिथंच मिटली.

तिलाही एकदा जबर मार बसला होता, पण तो माणसाचा नव्हता. विटांची ट्रॉली जोडलेला एक ट्रॅक्टर करंजी घाटाच्या अलीकडे बंद पडला होता. “माजी गाडी नेती वढून,” म्हणून हिनं हौसेनं टोचन लावलं, म्हणजे जाड दोर बांधून ट्रॅक्टर पिकअपच्या मागं जोडला. सपाटीवर सगळं झकास चाललं. ही मिशा असत्या तर पिळल्या असत्या अशा थाटात बसलेली. उतार लागला आणि मागचं धूड अंगावर आलं. ट्रॅक्टरचे ब्रेक नावालाच होते. वर बसलेला गडी उडी मारून मोकळा झाला. धडक अशी बसली की पिकअप डोंगराच्या कडेला जाऊन चेपली आणि सत्यशीलेचं नाक स्टेअरिंगवर फुटलं. ते आजही डावीकडे वाकडं आहे.

शेवगावचे प्रभुदास मिस्त्री गाडी नीट करता करता तिला फाडफाड बोलले. “ताई, चाकावरचं वजन सपाटीला कुनीबी वढतं. आवरता येईल तेवढंच बांधावं मानसानं. रिकामी गाडी घिऊन तिच्या चौपट ओझं मागं लावलं तुमी. उताराला तुमी त्याला वढत नव्हता, त्येच तुमाला हाकत हुतं.” मग म्हणाले, “आवरायचं आसंल तर आदी आपल्या गाडीत वजन पायजे. टायरनं जमीन धरली तर ब्रेकाला अर्थ हाय.” आयुष्यात सत्यशीलेनं कुणाचं ऐकून घेतलं ते हे एवढंच.

आता भीमाचं सांगायला हवं. चैत्रात खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा गावच्या वेशीपासून देवळापर्यंत बारा गाड्या ओढायचा मान भीमाच्या घराचा. बारा बैलगाड्या साखळ्यांनी एकामागं एक जोडायच्या, बैल सोडून द्यायचे, गाड्यांत माणसं कोंबायची. भीमानं अंगभर भंडारा लावून, कंबरेला दोर आणि दोराला लोखंडी गळ अडकवून सगळी माळ एकट्यानं ओढायची. ओढणाऱ्यानं मागं वळून पाहायचं नाही, हा नेम.

सत्यशीलेनं लग्नानंतरच्या पहिल्याच यात्रेत गाड्यांच्या मागं जाऊन पाहिलं होतं. गावातल्याच सहादेवच्या भावकीतले पंचवीस-तीस गडी खांदे लावून गाड्या ढकलत होते. देवळाजवळ उतार लागला की तेच चाकांखाली लाकडाचे ओंडके सारत होते. सगळ्या गावाला हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या भीमाला. “माज्या पाठीशी मल्हारी आसतोय,” तो डोळे भरून सांगायचा. “कंबरंला त्याचा हात लागतोय मला.” एवढ्या भोळ्या माणसाला कोण सांगणार? सत्यशीला जगाचे दात पाडत हिंडली, पण याच्या पुढ्यात तिची जीभ टाळ्याला चिकटायची.

त्या साली यात्रेच्या बैठकीत सहादेवनं त्याच्या पुतण्यासाठी, आदिनाथसाठी, मान मागितला. “गळ तुमच्या कंबरंला, भंडारा तुमच्या कपाळाला,” तो गरजला, “आन् आमी पिढ्यान्‌पिढ्या मागनं...” समोर भीमा बसलेला पाहून पुढचं त्यानं गिळलं. खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं. पण आदिनाथनं भीमाला “म्हातारं खोंड” म्हटलं आणि सत्यशीलेची चप्पल त्याच्या तोंडावर बसली. मग काय, काठ्या निघाल्या, सतरंजीवर रक्त सांडलं, पुजाऱ्याचं धोतर फाटलं. सहादेव ओठ पुसत उठला. “ऱ्हाऊ द्या. ह्या साली देवच वढू दे गाड्या.” भीमानं हात जोडले आणि म्हणाला, “देवच वढतोय की.” कुणी ढकललं नाही तर हा माणूस मागं हटणार नाही, फुटून मरेल, हे सत्यशीलेला चक्क दिसत होतं.

यात्रेच्या सकाळी तिनं पिकअपमध्ये उन्हाळी कांद्याच्या गोण्या टपापर्यंत रचल्या. भीमानं विचारलं तर म्हणाली, “अवं, उद्या बाजार न्हाई का?” आणि वरून जाड साखळी टाकली.

चार वाजता हलगी कडाडली. “येळकोट येळकोट जय मल्हार!” भीमानं गळ अडकवला आणि झेप घेतली. गाड्या तसूभर हलल्या नाहीत. सहादेवची माणसं हाताची घडी घालून कडेला उभी. भीमानं पुन्हा झेप घेतली. दोर कातडीत रुतला, भंडाऱ्यावरून लाल ओघळ आले. तिसऱ्या झेपेला तो गुडघ्यावर आपटला. कुणीतरी शिट्टी मारली, कुणी हसलं. तो उठला, त्यानं पुन्हा दोर ताणला. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली, तरी मान पुढंच होती.

सत्यशीलेनं पिकअप मागून आणली. बंपर बाराव्या गाडीला टेकवला आणि खाली उतरून साखळीनं पिकअप तिच्या कण्याला बांधली. आदिनाथ आडवा आला. “बाईमानसाचं काम न्हाई, काकू.” टामी त्याच्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज हलगीतही ऐकू आला. दुसऱ्यानं तिचे केस धरले. त्याच्या गुडघ्यात टामी हाणून ती सीटवर चढली. दगड आला, पुढची काच तिच्या मांडीवर सांडली. “मुडदा बशिवला तुमच्या भावकीचा!” म्हणत तिनं पहिला गिअर टाकला.

इंजिन गुरगुरलं. माळ करकरली आणि हलली. पुढं भीमानं आरोळी ठोकली, कारण कंबरेला तो ओळखीचा हात लागला होता. सत्यशीला रडत होती. लाज नव्हती त्यात, राग होता सगळा.

मारुतीच्या पारापासून उतार सुरू झाला. ओंडके घेऊन कुणीच उभं नव्हतं. बारा गाड्या आपणहून पळायला लागल्या आणि त्यांच्या तोंडाशी दोरानं बांधलेला भीमा. गाड्यांतल्या बायका किंचाळल्या. त्यांत सहादेवच्या घरच्याही होत्या. तेव्हा कुठं सहादेव ओंडका उचलून धावला आणि त्याच्या पावलावरून चाक गेलं.

सत्यशीलेनं ब्रेकवर दोन्ही पाय रोवले. साखळी तटकन ताणली गेली, पिकअपचं तोंड खाली दबलं. टायर धूर ओकत फरफटू लागले, पण जमीन धरून होते. गोण्या पुढं घसरल्या, फुटल्या, कांदे टपावरून उधळले. वेग कमी झाला, पण माळ थांबेना. मग तिनं स्टेअरिंग फिरवून गाडी पाराच्या दगडी कोपऱ्यावर घातली. दगडानं बॉनेट खाल्लं, तिच्या बरगड्या मोडल्या, आणि माळ हिसका खाऊन जागच्या जागी उभी राहिली. पहिल्या गाडीचं जू भीमाच्या पाठीला टेकलं होतं, जेमतेम टेकलं होतं. तो देवळाच्या पायरीवर आडवा झाला, देवाच्या पाया पडला.

आणि मग उठून लोक ज्या बाजूला पळत होते तिकडं गेला. कांदे, काचा, रक्त, साखळी. साखळीचं एक टोक गाडीला, एक पिकअपला. त्यानं साखळी हातात घेतली.

“साकळी कुनी बांदली?”

“मी,” सत्यशीला म्हणाली.

त्यानं तिला उचलून बाहेर काढलं. दवाखान्यात तिच्या उशाशी तो कितीतरी दिवस बसून होता, पण मल्हारीचं नाव त्यानं एकदाही घेतलं नाही. तिला बरगड्यांचं काहीच वाटलं नाही. आपण माणूस वाचवला आणि त्याच्यातला देव मारला, याचंच तिला रडू यायचं.

पुढच्या चैत्रात बैठक भरली. सहादेव काठी टेकत आला, सत्यशीलेकडे न बघता बसला. भीमा उठला. “ह्या साली गळ आदिनाथच्या कंबरंला पायजे हुता, पर त्याचं मनगट आजून कच्चं हाय. पुढल्या साली त्याचा मान. मागं ज्येंचा खांदा लागतोय, तेबी मानाचंच हायेत.” एवढं बोलून खाली बसला. सहादेवनं काठी खाली ठेवली.

यात्रेच्या दिवशी ढकलणारे सगळे आले, ओंडकेवालेही आले. तरी भीमा सकाळीच पिकअपमध्ये गोण्या रचायला लागला. वेशीवर साखळी त्यानंच बांधली, दोनदा ओढून पाहिली, बॉनेटवर मूठभर भंडारा उधळला आणि पुढं गेला.

हलगी सुरू झाली. भीमानं गळ अडकवला. आणि सगळ्या गावासमक्ष, देवाचा नेम मोडून, मान वळवून थेट बाराव्या गाडीच्या मागं पाहिलं.

सत्यशीलेनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. “अवं, पुढं बघा की, मुडदा बशिवला तुमचा!”

सारं गाव हसलं. भीमाही हसला, आणि पुढं बघून झेप घेतली.